'छाप' : मुद्रित चिन्ह आणि ग्राहकाची स्मृती

१

मालाच्या ओळखीसाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांकडे थोडे बारकाईने पाहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. बाजारात आपण 'घोडा छाप' किंवा 'हत्ती छाप' असा माल मागतो. पुस्तके जेथे तयार होतात त्या स्थळाला छापखाना म्हणतो. आणि एखाद्याच्या गुणांचा मनावर टिकाऊ परिणाम झाला म्हणजे त्याची आपल्यावर छाप पडली, असे म्हणतो. संस्कृतोद्भव शब्दांकडे वळावे तर तेथेही हाच प्रकार दिसतो. मुद्रा म्हणजे शिक्का, मुद्रण म्हणजे छपाई, आणि व्यापारी नावलौकिकासाठी अलीकडे वापरला जाणारा शब्द 'नाममुद्रा'. कागदावर उठणारी, मालावर लागणारी आणि मनावर पडणारी अशा तीन छापांना भाषेने एकाच शब्दात बांधून ठेवले आहे.

ह्या तिहींपैकी पहिल्या दोहोंचा अभ्यास आपल्याकडे थोडाफार झाला आहे. मुद्रणाच्या इतिहासकारांनी कागदावरच्या छापेचा विचार केला. वाणिज्य आणि कायदा ह्या विषयांच्या अभ्यासकांनी मालावरच्या छापेचा केला. तिसरी, म्हणजे मनावर पडणारी छाप मात्र जाहिरातशास्त्राच्या हवाली करण्यात आली आणि समीक्षेने तिच्याकडे पाठ फिरवली. परिणाम असा झाला की, व्यापारी मुद्रणाची चर्चा होते तेव्हा रेषा, रंग, अक्षरवळण आणि मांडणी ह्यांचे गुणदोष सांगितले जातात. परंतु ते मुद्रण ज्याच्यासाठी झाले त्या ग्राहकाच्या मनात त्याचे काय झाले, हा प्रश्न विचारलाच जात नाही.

व्यापारी मुद्रणाची समीक्षा कोठे उभे राहून करावी, ह्या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती रचनाकाराच्या मेजापाशी उभे राहून न करता ग्राहकाच्या अपुऱ्या स्मृतीपाशी उभे राहून करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ह्या मताला सर्वांत भक्कम आधार कलासमीक्षेत सापडत नाही. तो भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांत सापडतो. म्हणून विवेचनाचा मध्य त्या निकालांवर ठेवला आहे.

२

प्रथम प्रचलित इतिहासाचा परामर्श घेणे इष्ट होईल. उद्योगसंस्थेच्या दृश्य ओळखीचा इतिहास सांगताना बहुतेक ग्रंथ १९०७ ह्या वर्षापासून आरंभ करतात. त्या वर्षी बर्लिनच्या एईजी ह्या विद्युत्-उद्योगसंस्थेने पेटर बेरेन्स ह्या चित्रकार-वास्तुकाराची कलाविषयक सल्लागार म्हणून नेमणूक केली. बेरेन्सने संस्थेचे चिन्ह नव्याने आखले, तिच्या मुद्रितांसाठी अक्षरवळण सिद्ध केले, सूचिपत्रके व भित्तिपत्रके रचली, विजेचे दिवे, पंखे आणि किटल्या ह्यांना रूप दिले, आणि बर्लिनमधील टर्बाइनचा प्रसिद्ध कारखानाही उभारला. पत्राच्या मथळ्यापासून कारखान्याच्या दर्शनी भिंतीपर्यंत एकच दृष्टी वावरत आहे, असे दृश्य ह्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिले असेल. वॉल्टर ग्रोपिअस आणि मीस व्हान डेर रोह ह्यांच्यासारख्यांनी ह्याच कार्यालयात उमेदवारी केली, ही गोष्टही ह्या प्रयोगाच्या महत्त्वाची साक्ष देते.

बेरेन्सचे कर्तृत्व निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो आपण त्यापासून कोणता धडा घेतला हा. एकसूत्रीपणा म्हणजेच उत्तम व्यापारी मुद्रण, आणि तो एकसूत्रीपणा एका शिक्षित मनाच्या योजनेतून येतो, असा तो धडा आहे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत व्यापारी कलेचे शिक्षण १९३५ पासून मिळू लागले, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, आणि ह्या दोन्ही ठिकाणी घडलेल्या पिढ्यांनी थोर काम केले आहे. परंतु जो माणूस चिन्ह पाहणार तो वाचू शकतो, त्याच्यासमोर संस्थेची सर्व मुद्रिते एकत्र येतात, आणि एकसूत्रीपणा ओळखण्याइतकी सवड त्याला असते, ही बेरेन्सच्या प्रयोगामागील गृहीते आपल्या बाजाराला कितपत लागू पडतात, ह्याची चिकित्सा पुरेशी झाली नाही. आपल्याकडचा इतिहास निराळ्या जागी सुरू होतो, आणि तो १९०७ पूर्वीचा आहे.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरहून हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटवलेली असत. ती शिळामुद्रणाने छापली जात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि एकावर एक असे अनेक ठसे उमटवून चित्र पूर्ण होई. हत्ती, वाघ, देवदेवता, राजेरजवाडे, पौराणिक प्रसंग असे त्यांचे विषय. मँचेस्टरच्या मुद्रकाने हिंदुस्थान कदाचित कधीच पाहिला नसेल. तरी वऱ्हाडातल्या किंवा खानदेशातल्या आठवड्याच्या बाजारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते चित्र पुरे होते. मागच्या खेपेला टिकलेले धोतर कोणत्या चित्राच्या ठाणातले होते, एवढेच त्याला आठवावयाचे असे. व्यापाऱ्याचे नाव त्याला वाचता येत नव्हते आणि वाचण्याची गरजही नव्हती. चित्र हीच सही होती.

ह्या मुद्रणाला आपल्या भूमीवरही लवकरच जोड मिळाली. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा निघाली. राजा रविवर्मा ह्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. रविवर्म्यांची लक्ष्मी आणि सरस्वती देवघरात पोहोचल्या हे सर्वश्रुत आहे. परंतु फ्रिट्झ श्लायशर ह्यांच्याकडे छापखान्याची मालकी गेल्यानंतर त्याच चित्रांचा आणि त्याच तंत्राचा उपयोग मालाच्या लेबलांसाठी व जाहिरातींसाठीही होऊ लागला, ह्या गोष्टीकडे आपले लक्ष कमी गेले आहे. देवघराची भिंत आणि दुकानाची फळी ह्यांच्यामध्ये त्या काळी एकाच छापखान्याचे अंतर होते.

येथे कायद्याच्या एका तरतुदीची नोंद घेतली पाहिजे. १८८९ च्या इंडियन मर्चंडाइज मार्क्स अ‍ॅक्टने मालावरील खोट्या वर्णनाला आळा घातलाच. त्याबरोबर कारखान्यातून विक्रीसाठी बाहेर पडणाऱ्या कापडाच्या तुकड्यावर त्याची लांबी प्रमाणित वारांत ठळकपणे छापली पाहिजे, असेही बंधन घातले. म्हणजे एकाच ठाणावर दोन छापा आल्या. एक चित्राची, व्यापाऱ्याने स्वेच्छेने लावलेली. दुसरी अंकाची, कायद्याने लावावयास भाग पाडलेली. पहिली ग्राहकाला सांगत होती की हा माल मागच्या वेळचाच आहे. दुसरी सांगत होती की तो किती आहे. ह्या दोन छापांतील नाते पुढे शतकभर टिकून राहिले आहे आणि आपल्याला लेखाच्या अखेरीस त्याकडे परत यावयाचे आहे.

४

आता त्या दोन निकालांकडे वळू. पहिला १९६२ सालचा आहे. 'अमृतधारा' ह्या नावाचे औषध १९०१ पासून विकले जात होते. 'लक्ष्मणधारा' ह्या नावाच्या दुसऱ्या औषधाच्या नोंदणीला अमृतधारेच्या मालकांनी हरकत घेतली. उच्च न्यायालयाने दोन्ही सामासिक शब्दांची फोड करून पाहिली. अमृताची धारा निराळी आणि लक्ष्मणाची धारा निराळी, तेव्हा घोटाळा होण्याचे कारण नाही, असा त्या विचाराचा रोख होता. भाषेच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद बिनतोड वाटेल. सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. औषध घेणारा मनुष्य खेड्यातला वा शहरातला, साक्षर वा निरक्षर असेल. तो समासाचा विग्रह करीत बसत नाही. पूर्वी कधीतरी अशाच नावाचे औषध घेतले होते एवढे अंधूक स्मरण त्याच्यापाशी असते, आणि त्या स्मरणाच्या कसोटीवर दोन्ही नावे एकमेकांसारखीच ठरतात, असा न्यायालयाच्या विचाराचा सारांश आहे. विरुद्ध पक्षाच्या दीर्घकालीन वापराकडे अमृतधारेच्या मालकांनी डोळेझाक केली होती. त्यामुळे लक्ष्मणधारेची नोंदणी उत्तर प्रदेशापुरती मर्यादित करून मान्य करण्यात आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच, की अर्थ आणि व्युत्पत्ती ह्यांच्यावर ध्वनी आणि स्मरण ह्यांनी मात केली.

दुसरा निकाल १९७२ सालचा असून त्याचा विषय प्रत्यक्ष मुद्रित वेष्टन हाच आहे. मुंबईच्या पार्ले कंपनीच्या 'ग्लुको' बिस्किटांचे वेष्टन १९४२ मध्ये नोंदले गेले होते. फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर शेतघराचे अंगण, मध्ये पाण्याची बादली नेणारी मुलगी, भोवती गाई व कोंबड्या, मागे घर आणि झाडे, असे त्यावरचे चित्र होते. म्हैसूरच्या एका उत्पादक संस्थेने आपल्या ग्लुकोज बिस्किटांसाठी काढलेल्या वेष्टनावरही मुलगी, गाय, कोंबड्या आणि शेतघर होते. परंतु त्या मुलीच्या डोक्यावर गवताचा भारा होता आणि हातात विळा होता. खालच्या न्यायालयांनी दोन्ही वेष्टने निरखून पाहिली, भेद मोजले आणि ते पुरेसे आहेत असे ठरवून पार्लेचा दावा फेटाळला. सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय फिरवला.

त्यामागील कारणमीमांसा प्रत्येक व्यापारी चित्रकाराने आणि समीक्षकाने अभ्यासावी अशी आहे. दोन वेष्टने शेजारी ठेवून त्यांतील भेद शोधणे ही रीतच चुकीची, असे न्यायालयाने म्हटले. आवश्यक अंगे कोणती ती पाहावीत, एकंदर साम्य किती ते पाहावे, आणि एक वेष्टन आज पाहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसरे दाखविले तर ते पहिलेच आहे असे त्याला वाटेल काय, हा प्रश्न विचारावा. सामान्य ग्राहकाच्या अंगी शेरलॉक होम्सची निरीक्षणशक्ती नसते, हेही न्यायालयाने नमूद केले आहे.

समीक्षाशास्त्राच्या दृष्टीने ह्या भूमिकेचा अर्थ फार मोठा आहे. कलासमीक्षा सामान्यतः तौलनिक असते आणि तिची तुलना शेजारी-शेजारी ठेवून केलेली असते. दोन चित्रे एकाच भिंतीवर, दोन पाठ एकाच पानावर, दोन आवृत्त्या एकाच मेजावर ठेवून आपण भेद दाखवितो आणि त्या भेदांतच कर्त्याचे वैशिष्ट्य शोधतो. दुकानाच्या फळीसमोर उभ्या असलेल्या माणसापाशी मात्र एकच वस्तू डोळ्यांसमोर असते आणि दुसरी मनात असते. मनातली वस्तू झिजलेली असते. तिचे तपशील गळून गेलेले असतात. रंग, ठेवण आणि एखादी आकृती एवढेच शिल्लक उरते. व्यापारी मुद्रणाचे खरे माध्यम कागद नसून ही झीज आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होऊ नये. झिजल्यावर जे उरते तेच त्या मुद्रणाचे सत्त्व. विळा आणि भारा हे तपशील रचनाकाराच्या दृष्टीने ठळक आहेत. स्मृतीच्या दृष्टीने ते पहिल्याच दिवशी गळतात. मुलगी, गाय आणि पिवळसर कागद मात्र टिकतात.

५

ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनासंबंधी आणखी एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळता येत नाही. हे चित्र खरे होते काय? बिस्किटे पार्ल्याच्या कारखान्यात तयार होत होती. तेथे बादली घेतलेली मुलगी नव्हती आणि कोंबड्यांचा तर बिस्किटांशी कसलाच संबंध नव्हता. कुंपण, शेतघर आणि अंगणातल्या कोंबड्या ही मांडणीसुद्धा कोकणातल्या किंवा देशावरच्या गोठ्यापेक्षा विलायती डब्यांवरील ग्रामचित्रांच्या जातीची वाटते. वास्तववादी समीक्षक ह्या चित्राला खोटे ठरवील आणि त्याच्या परीने तो बरोबरही असेल.

तथापि चित्राचे खरेपण आणि चिन्हाचे खरेपण ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. चित्र ज्या वस्तूचे आहे तिच्याशी प्रामाणिक राहिले तर ते खरे. चिन्ह ज्या मालावर लागते तो माल दर खेपेला तोच निघाला तर ते खरे. हत्ती छाप कापडात हत्ती नसतो आणि त्यामुळे कोणाची फसवणूक होत नाही. परंतु ह्या वर्षीचे हत्ती छाप कापड मागच्या वर्षीपेक्षा विरळ निघाले तर चित्र अगदी हुबेहूब असूनही चिन्ह खोटे ठरते. व्यापारी मुद्रणावर कृत्रिमतेचा जो सरसकट आरोप केला जातो तो बहुधा हा भेद न केल्यामुळे होतो. चिन्हाची नीती अनुकृतीत नसून सातत्यात आहे.

ह्यावर असा आक्षेप येईल की, मग चित्रविषय कोणताही चालेल काय? नाही. काही चित्रे ग्राहकाच्या मनात नवा विश्वास निर्माण करीत नाहीत. तेथे आधीच असलेला विश्वास ती उसना घेतात. देवाचे चित्र, ग्रंथाचे नाव, लोकनेत्याची प्रतिमा ही ह्या प्रकारची. गाय आणि मुलगी ह्यांना पार्लेने अर्थ दिला. देवतेला कोणत्याही व्यापाऱ्याने अर्थ दिलेला नसतो. कायद्याने हा भेद हळूहळू ओळखला आहे. १९५० च्या बोधचिन्हे व नावे ह्यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या अधिनियमाच्या अनुसूचीत राष्ट्रचिन्हांबरोबरच महात्मा गांधी आणि छत्रपती शिवाजी महाराज ह्यांची नावे व चित्रे आहेत, आणि तेथील अपवाद मोठा उद्बोधक आहे. दिनदर्शिकेवर असे चित्र छापता येते. मात्र तीवर केवळ उत्पादकाचे आणि मुद्रकाचे नाव असावे व मालाच्या जाहिरातीसाठी तिचा उपयोग होऊ नये. म्हणजे आदराने छापण्यास मुभा आहे, आदर विकण्यास नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अगरबत्तीसाठी 'रामायण' हे नाव एकट्याच्या मालकीचे व्यापारचिन्ह म्हणून देता येणार नाही असा निर्णय दिला, तोही ह्याच विचारसरणीला पूरक आहे. जे सर्वांच्या स्मृतीत आधीपासून आहे ते एकाच्या नोंदवहीत जाऊ शकत नाही.

उसन्या विश्वासाचे एक व्यावहारिक वैगुण्यही आहे. तो कोणालाही उसना घेता येतो. लक्ष्मी छापणारा एक निघाला की दहा निघतात आणि ग्राहकाच्या मनातील छाप पुसट होते. 'ग्लुकोज' ह्या शब्दाची गत काहीशी अशीच झाली. ते घटकद्रव्याचे नाव. ते कोणीही छापू शकतो. पुढे पार्लेने 'पार्ले-जी' हे नाव स्वीकारले आणि चित्रातल्या शेतावरच्या मुलीच्या जागी लहान बालकाचा चेहरा आला. घटकाच्या नावातले एक अक्षर ठेवून त्याला आपल्या नावाशी जोडण्याची ही युक्ती स्मृतीच्या शास्त्राला धरून आहे. जुने सर्व टाकले असते तर स्मृतीचा धागा तुटला असता. जुने सर्व ठेवले असते तर अनुकरण करणाऱ्यांची गर्दी हटली नसती. ह्या बदलाचे मूल्यमापन केवळ नव्या अक्षराच्या वळणावरून करू पाहणारा समीक्षक त्यातील मर्मालाच मुकेल.

६

आता ठाणावरच्या दुसऱ्या छापेकडे, म्हणजे अंकाकडे यावयाचे. १८८९ च्या कायद्यातील वारांच्या आकड्याचा वारसा आज वेष्टित वस्तूंसंबंधीच्या २०११ च्या नियमांकडे आला आहे. निव्वळ वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव-पत्ता वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे, आणि अंकांची किमान उंची किती असावी हेदेखील नियमांनी ठरवून दिले आहे. कायदा येथे अक्षरांच्या आकारात लक्ष घालतो ते सौंदर्यासाठी नव्हे. चित्र मोठे आणि अंक लहान ही मांडणी व्यापाऱ्याच्या हिताची असते, हे त्याला ठाऊक आहे.

सातत्य हीच चिन्हाची नीती, असे वर म्हटले. तिला खरा धोका येथे आहे. नाव, रंग, चेहरा आणि किंमत जशीच्या तशी ठेवून आतले वजन थोडेथोडे घटवीत नेणे हा महागाईच्या काळात अनेक उद्योगांनी पत्करलेला मार्ग आहे. अशा वेळी वेष्टन स्मृतीला सांगते की काही बदललेले नाही, आणि कोपऱ्यातला अंक सांगतो की बदलले आहे. ग्राहकाची फसवणूक झाली असे कायदा म्हणू शकत नाही, कारण अंक खरा असतो. परंतु ज्या अपुऱ्या स्मृतीच्या संरक्षणासाठी न्यायालयाने प्रतिस्पर्ध्याला रोखले, तीच स्मृती येथे खुद्द चिन्हाच्या मालकाच्या फायद्यासाठी राबविली जाते. परक्याने केलेल्या अनुकरणापासून ग्राहकाला कायद्याचे संरक्षण आहे. मालाने स्वतःच्याच जुन्या रूपाचे केलेले अनुकरण मात्र कोणत्याही कलमात बसत नाही. समीक्षेची खरी जबाबदारी ह्या रिकाम्या जागेत आहे.

म्हणून व्यापारी मुद्रणाच्या समीक्षकाने तीन प्रश्न क्रमाने विचारावेत असे सुचवावेसे वाटते. तपशील गळून गेल्यावर ह्या मुद्रणातले काय उरते? जे उरते ते त्या संस्थेने कमावलेले आहे की उसने घेतलेले? आणि उरलेली ती छाप आपल्या मालकाला कशासाठी बांधून ठेवते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर चित्रात मिळत नाही. त्यासाठी चित्राशेजारचा अंक, आणि त्या अंकाचा मागील वर्षांतील इतिहास वाचावा लागतो. एकसूत्रीपणा, वळणाचे सौष्ठव, छपाईची सफाई हे गुण ह्या प्रश्नांनंतर यावेत. ते गौण आहेत असे नाही. परंतु त्यांच्या उत्तराशिवाय हे गुण कोणाच्या कामी आले ते कळत नाही.

ह्या दिशेने संशोधन करावयाचे तर साधनांची मोठी अडचण आहे. ग्रंथालये पुस्तके जपतात, वेष्टने जपत नाहीत. कापडाच्या ठाणांवरची लेबले, आगपेट्यांची वेष्टने, औषधांच्या चिठ्ठ्या आणि बिस्किटांचे कागद वापरून फेकून देण्यासाठीच छापलेले असतात. जे उरले आहे ते खासगी संग्राहकांच्या वह्यांत, जुन्या व्यापारी पेढ्यांच्या दप्तरांत आणि व्यापारचिन्हांच्या नोंदणी कार्यालयाच्या मुंबईतील कागदपत्रांत आहे. खटल्यांच्या अभिलेखांत वादी-प्रतिवादींची वेष्टने पुरावा म्हणून जोडलेली असतात, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावे. पदव्युत्तर प्रबंधासाठी एकच माल निवडून त्याची वीस-पंचवीस वर्षांची वेष्टने मिळवावीत, प्रत्येकावरचे चित्र आणि प्रत्येकावरचा अंक ह्यांची सारणी करावी, आणि दोहोंपैकी काय बदलले व काय तसेच राहिले ते नोंदवावे. एवढे काम एका विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे, आणि अशी पाचपन्नास कामे झाल्याखेरीज मराठी बाजाराच्या दृश्य इतिहासाविषयी कोणतेही सर्वसामान्य विधान करणे धाडसाचे ठरेल.